खर्जाची जागा

कुणीतरी या देशाचे कान बिघडवून ठेवले आहेत! नाहीतर चांगले शिकलेसवरलेले लोक पडसं झाल्यासारख्या आवाजाच्या रेडिओपुढे माना डोलावत बसलेच नसते. उपेंद्रची याबद्दल खात्री होती. देशाची सुधारणा त्याने मल्लेश्वरममधल्या आपल्या घरापासून (भाड्याच्या) सुरू केली.

दोन स्पीकर त्याने स्वतः बांधले. खर्जासाठी तिसरा, कपाटाएवढ्या खोक्यात. खर्जापासून तारसप्तकापर्यंत प्रत्येक सूर सारखाच यायला हवा, आवाज मोजायच्या मीटरचा काटा जागचा हलता कामा नये. याला तो ‘फ्लॅट रिस्पॉन्स’ म्हणे.

“नानांना आवडलं तर खोकं राहील,” त्याच्या बायकोने, विद्याने बजावलं. “नाहीतर तिथं माझं शिवणाचं मशीन.”

नाना म्हणजे तिचे वडील विश्वासराव. गाण्याचे दर्दी. रविवारी बेळगावहून येणार होते.

रविवारी उपेंद्रने सकाळीच घर सुरात लावायला घेतलं. खर्ज घुमतो म्हणून गाद्या भिंतींवर टांगल्या. भांडी झणझणतात म्हणून ती पलंगाखाली गेली. (सगळा स्वयंपाक एका पातेल्यात झाला, खिरीला वांग्याचा वास आला.) दुपारी काटा एकदाचा स्थिरावला, पण घरातल्या एकाच जागी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

संध्याकाळी नाना आले.

“या नाना, इथे बसा. उंबऱ्यावर.”

“तिन्हीसांजेला? उंबऱ्यावर?”

“बाकी सगळीकडे सूर खोटा आहे!”

“अहो, त्यांना आधी चहा तरी घेऊ द्या,” विद्या म्हणाली.

उपेंद्रने तोडगा काढला. खुर्चीचे दोन पाय अलीकडे, दोन पलीकडे. नाना कसेबसे बसले. काटा पडला.

“नाना, तुमचा कोट आवाज पितोय.”

कोट निघाला.

“टोपीसुद्धा.”

टोपी निघाली.

“आता जरा अंग चोरून बसता?”

“उपेंद्रराव, मी गाणं ऐकायला आलोय की फोटो काढायला?”

उपेंद्रचं लक्ष नव्हतं. नाक मीटरला टेकवून तो बटणं पिळत होता. आणि काय आश्चर्य, काटा जागेवर आला! त्याने पूरियाची तबकडी लावली. खर्ज असा भरून आला की त्याच्या अंगावर काटा आला.

“आता बोला, नाना!”

त्याने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

तेवढ्यात पलीकडच्या बिऱ्हाडातल्या, निपाणीकडच्या कस्तुराबाई दारात आल्या.

“जावईबापू, तुमचे सासरे आमच्या चुलीपाशी पाटावर बसल्यात. भिंतीतनं गाणं लई झकास येतंय म्हणतात. स्वल्प मोठं करा, असा निरोप आहे.”