बाजारामागच्या तळ्याची मोजणी

बाजारामागचं तळं एका दुपारीत मोजतो आणि महिन्याभरात बुजवून दाखवतो, असं मी आमच्या नगरपालिकेच्या अध्यक्षांना छाती फुगवून सांगितलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि मी, शेषराव ओव्हरसियर, अख्खं राज्य माझ्याच टेपवर तोललंय अशा थाटात फिरत होतो. तळं म्हणजे तरी काय, गावातल्या गल्ल्यांचं पावसाचं पाणी उताराने येऊन साचायचं ती खोलगट जागा. तिथे मुरूम टाकून गाळे बांधायचे होते.

आश्विनातलं ऊन रणरणत होतं. टेपचं एक टोक कडूबा शिपायाकडे देऊन मी दुसरं घेऊन निघालो. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गाळात गेलो, सहाव्याला छातीपर्यंत. मधे लव्हाळं होतं, त्यामुळे कडूबाला मी दिसेना. दिसली फक्त पाण्यावर तरंगणारी माझी टोपी. हाक ऐकायलाही तो थांबला नाही. साहेब बुडाले म्हणत गावाकडे पळत सुटला.

मला वाचवलं मंजुळाबाईने. म्हशी पाण्यात सोडून ती पलीकडे कपडे धूत होती. तिने एक म्हैस माझ्या दिशेने हाकली आणि म्हणाली, "शेपूट धरा, साहेब. लाजू नका."

म्हशीने मला ओढून काठावर आणलं. मंजुळाबाईने माझे कपडे धुऊन बाभळीवर टाकले आणि तोवर नेसायला आपलं वाळलेलं लुगडं दिलं. चिखलीला लग्नाला जायचंय, फाडू नका, एवढंच बजावलं.

लुगड्यात गावात कसा जाणार? बसलो काठावर. काहीही न करता असा किती वर्षांनी बसलो असेन, देव जाणे. पाण्यावरून गार वारा येत होता. खंड्याने सूर मारून मासोळी उचलली. कचेरीतून रोज घरी नेत असलेली डोकेदुखी कधी गेली, ते कळलंच नाही.

तेवढ्यात अर्धं गाव रडत आलं. पुढे माझी बायको कोकिळा. मला पाहून ती मटकन खाली बसली.

"जित्ते हाय ना तुमी?" तिने डोळे पुसले, नीट पाहिलं. "अन् हे लुगडं कोनाचं व्हय?"

मंजुळाबाईने सगळं सांगितल्यावर लोक पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर कोणी परत जाईना. कोणी फुटाणे आणले, म्हातारे सावलीला टेकले. कोकिळा पाण्यात पाय सोडून माझ्याशेजारी बसली.

"काऊन बुजवता हो हे?" ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी अहवालात लिहिलं: तळ्याची खोली छातीपर्यंत, समक्ष मोजली, बुजवल्यास गल्ल्यांचं पाणी बाजारात शिरेल. अध्यक्षांनी कुरकुरत का होईना, मान्य केलं.

मंजुळाबाईचे आणि तिच्या म्हशीचे उपकार मी विसरलेलो नाही. संध्याकाळी काठावर आता इतकी माणसं येतात, की कचेरीतून मी पोचेपर्यंत बसायला जागा उरत नाही. कोकिळा मैत्रिणींच्या घोळक्यातून हात हलवते. मी उभ्यानेच वारा खातो आणि ती परतेपर्यंत घरी जाऊन चुलीवर भात शिजवतो.