राऊळकाकांच्या पोटातलं इंजेक्शन

आमच्या खरवईच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरची कुकरची शिट्टी राऊळकाकांना ओळखू यायची. तिसऱ्या मजल्यावर पेपर वाचता वाचता ते सांगत, "खाली कांबळ्यांकडे आज मटण आहे. शिट्टी दमानं चाललीय." आणि कुकर पडला, की काका त्या दारात हजर. "जेवायला नाही आलो हं," हे त्यांचं पालुपद. "फक्त चव बघतो." चव बघायला त्यांना दोन चपात्या आणि वाटीभर भात लागायचा.

माझ्या आमटीत कोकम कमी पडतं, हे एवढ्या वर्षांच्या संसारात मला कुणी सांगितलं नव्हतं. समोरच्या दारातून येऊन काकांनी ते सांगितलं. मी चिडले. दुसऱ्या दिवशी चार कोकमं जास्त टाकली, तीही रागानंच. काका भुरका मारून म्हणाले, "आता कशी माणसात आली!" आमटीला म्हणाले की मला, कोण जाणे.

काका अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. काकू वारल्या होत्या. मुलगा बंगलोरला. ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. तेव्हा काकांचं वजन इतकं वाढलं होतं, की आमच्या बिनलिफ्टच्या जिन्यात ते प्रत्येक मजल्यावर मुक्काम करत. गुडघे कुरकुरत होते, त्यात शुगर. शेवटी मुलानं फोनवर ठणकावलं, "दिवाळीपर्यंत वजन उतरवा, नाहीतर फ्लॅटला कुलूप लावून इकडे या."

काकांना घाम फुटला. "बाराव्या मजल्यावर राहतो गं तो. शेजारी कोण, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही!"

मग उपाय सुरू झाले. मध-लिंबू पाणी झालं. त्यात मध वाटीनं आणि लिंबू थेंबानं. सकाळचं फिरणं झालं; ते वडापावच्या गाडीपाशी संपायचं. अशात पेपरातून एक पत्रक आलं: उल्हासनगरला एक डॉक्टर ऑपरेशन न करता, पोटात इंजेक्शन देऊन वजन कमी करतात. काका हरखले. "बाहेरून टोचायचं, की आत चरबी तुपासारखी वितळते," असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. सोबत मी.

डॉक्टर सिंधी, आणि माणूस सरळ. म्हणाले, "अंकल, इससे चरबी नहीं पिघलती." तोंडातून कॅमेऱ्याची नळी पोटात घालायची आणि आतल्या बाजूनं जठराच्या भिंतीत औषध टोचायचं. नट्या सुरकुत्या घालवायला घेतात ना, तेच औषध. त्यानं जठर सुस्त होतं, अन्न पुढं सरकायला वेळ लागतो आणि थोडक्यात पोट भरतं. पण काही महिन्यांत असर उतरतो. तेवढ्यात खाण्याची सवय बदलली नाही, तर वजन परत. उपचार नवा आहे, सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आधी तपासण्या करू, चालू असलेल्या गोळ्या दाखवा आणि सोबत कुणाला तरी आणा. मी एकेक शंका विचारत होते. काका टेबलावरच्या डॉक्टरांच्या डब्याकडे बघत होते.

"और हाँ, रात के बाद कुछ खाना नहीं," डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

तपासण्या झाल्या, ठरलेला दिवस आला. "कुछ खाया तो नहीं?"

"छे! कडक उपास आहे!" काका छाती काढून म्हणाले.

त्यांच्या मिशीला दाण्याचं कूट लागलेलं मला दिसलं. "काका, काय खाल्लंत?"

"खाल्लं कुठं? खिचडी घेतली साबुदाण्याची. वर थोडं रताळं. उपासाचं ते काय खाणं झालं?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अंकल, बेहोशी की दवा देनी है! पेट का खाना ऊपर आके फेफड़े में गया, तो जान जा सकती है."

काका वरमले. डॉक्टर पुढची तारीख देऊ लागले आणि बोलता बोलता धीर द्यायला म्हणाले, "एक बार हो गया, तो आपको भूख ही नहीं लगेगी. कोई सामने थाली रखे, तो भी मन नहीं करेगा."

काकांचा चेहरा पडला. "किती दिवस?"

"चार-छह महीने. किसी को कम."

"मग नको," म्हणून काकांनी पिशवी उचलली आणि चालू लागले.

रिक्षात मी त्यांना फैलावर घेतलं. "खाण्यावर एवढा जीव? मग जा बंगलोरला, बसा बाराव्या मजल्यावर!"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. बाहेर बघत म्हणाले, "खाण्याचं काय गं, वैशाली. माझ्या पिठलं-भातावर मी सहा महिने काढीन. पण भूकच लागली नाही, तर दुपारी जाऊ कुणाकडे?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "काका, भूक नसली तरी या ना. आमच्याकडे या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना काही भलतंच सांगत होते.

"नुसतंच?" ते म्हणाले. "नुसतंच कसं यायचं गं, कुणाच्या घरी?"