सोपानतात्यांचे दोन वॅट

गाडीच्या टेपचा आवाज वाढवणारा अँप बसवायला गेलं की सोपानतात्या आधी विचारतात, "गाणं आणलंय का घरनं?"

बारामतीत जळोची रस्त्याला त्यांचं कार टेपचं दुकान आहे. आमची स्वारीही तिथं गेली, नवाकोरा अँप काखेत मारून. खोक्यावर ठसठशीत छापलेलं, हजार वॅट! तात्यांनी खोक्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. स्पीकरच्या वायरीला मीटर लावला, इंजिन चालू केलं, काचा वर केल्या आणि मला आत कोंबलं.

"बाकीचे फिटर शिट्टीसारखा आवाज लावून टेस्ट करतात," मी शहाणपणा केला.

"गुरुजी, रोज इंदापूरला शाळंत जाताना तुमी शिट्टी ऐकत जाणार हाय का?"

मग माझंच आवडतं भावगीत लागलं. आवाज पुरेसा वाटला की हात वर करायचा. मी केला. तात्या मीटर बघून फिस्सकन हसले.

"दोन वॅट! तुमाला एवढंच लागतंय. हजाराचं काय लोणचं घालायचंय? आन् खोक्यावर कायबी छापू द्या, ह्यो अँप साठ वॅटाच्या म्होरं जातबी न्हाय."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

पण हाच माणूस स्वतःच्या जुन्या गाडीत मात्र एकावर एक अँप चढवत होता. सगळा रस्ता हसायचा, मीही हसलो. मग कारण कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांच्या बायकोचे, मंगलकाकूंचे, कान वर्षभरात जवळजवळ गेले होते. कानाच्या मशीनमधून नुसती खरखर यायची, म्हणून काकूंनी ते काढून ठेवलेलं. गाण्यावाचून भाकरी न थापणारी बाई, आता घरात गप्प बसून असायची. तिच्या आवडीचं एक तरी गाणं तिला ऐकवायचं, एवढाच तात्यांनी ध्यास घेतला होता.

परवा संध्याकाळी मी दुकानात होतो. तात्यांनी काकूंना पुढच्या सीटवर बसवलं आणि गाणं लावलं. आवाज वाढवत नेला. मीटर चढला, डिकी थडथडली, समोरच्या चहावाल्यानं कानांवर हात ठेवले. काकूंनी दाराला तळवा लावला.

"थरथरतंय," त्या म्हणाल्या. "गाणं न्हाय कळत."

तात्यांनी सगळं बंद केलं. मला वाटलं, आता हे रडतात. पण ते वाकले, काकूंच्या कानाला तोंड लावलं आणि तेच गाणं स्वतः म्हणू लागले. काय तो आवाज! भसाडा, सगळा बेसूर.

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"अवो, समदी बघत्यात," त्या लाजून म्हणाल्या. "आन् दुसऱ्या ओळीत शब्द चुकलाय तुमचा."

तात्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि तोच शब्द मुद्दाम पुन्हा चुकवला.