या, उभे राहा

आमच्या कॉलनीत पाहुण्याला 'या, उभे राहा' असं म्हणणारं घर एकच होतं. हवालदार नानांचं. दार उघडलं की नाना बाजूला व्हायचे आणि अगदी अगत्याने म्हणायचे, "या, या. उभे राहा." मग पाणी यायचं, चहा यायचा, चहाबरोबर शेवही यायची, खुर्ची तेवढी यायची नाही, कारण ती घरात नव्हतीच. एकदा विम्याचे एक नवखे एजंट आले. त्यांनी नानांना सव्वा तास उभ्याने तीन योजना समजावल्या आणि बाहेर पडल्यावर आमच्या ओट्यावर बूट काढून पाय दाबत बसले. वर्गणीवाले मात्र चार मिनिटांत निघायचे, त्यामुळे ही पद्धत आपणही सुरू करावी असं कॉलनीत काही जणांना वाटू लागलं होतं.

ही गोष्ट जळगावची, ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. नाना मूळचे धुळ्याकडचे, साक्रीजवळच्या एका खेड्यातले. पलटणीत वीस-बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या शेजारी राहायला आले. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो, म्हणजे दिवसभर बसण्याचाच पगार घेत होतो. नानांचं माझ्याविषयी काय मत आहे, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्याशी नाना शहरी मराठी बोलायचे आणि अक्कांशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, अहिराणी. अक्का स्वतः उंबऱ्यावर खुशाल बसून तांदूळ निवडत असायच्या. खुर्चीचा विषय निघाला की म्हणायच्या, "लगीनले पंचवीस वरीस व्हई ग्यात, पन हाऊ माणूस एक डाव बी माले 'बस' म्हनना नही." यात तक्रार नसायची. हवापाण्याविषयी बोलावं तसं त्या बोलायच्या.

नानांची दुसरी खोड मोजण्याची. चार माणसं मिळून कुठे निघाली की नाना प्रत्येकाच्या खांद्यावर बोटाने टकटक करून मोजायचे. बायकांना लांबून छत्रीच्या दांड्याने. तोंडी हजेरीवर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा कॉलनीतली मंडळी टेम्पो करून बाहेरगावी लग्नाला गेली. परतताना नानांनी मोजलं तर एक माणूस जास्त भरला. पुन्हा मोजलं, ड्रायव्हरला उतरवून त्यालाही मोजलं, तरी एक जास्तच. अखेर जास्तीचे गृहस्थ हाती लागले. ते दुसऱ्याच लग्नाचे होते आणि त्यांना फक्त नशिराबादला उतरायचं होतं. नानांनी त्यांना उतरवलं नाही. पण त्यांची मोजणी वेगळी ठेवली आणि नशिराबादला ती रीतसर वजा केली.

चालताना नाना नेहमी सगळ्यांच्या मागे. वरातीत बँड पुढे, मग नवरदेव, मग मंडळी, मग गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आत्या आणि त्यांच्याही मागे नाना. या मोजणीत ते स्वतःला मात्र कधी धरत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझं काय, मी मागेच असतो."

हे सगळं का, याचं उत्तर आम्हाला ठाऊक होतं, कारण नाना ते कुणालाही सांगायचे. पलटणीत नवे भरती झाले तेव्हा त्यांना अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात तुकडी मोजायचं काम त्यांच्याकडे आलं. हरियाणाकडचे सुभेदार समोर आले आणि सगळे आहेत का, असं हिंदीत विचारलं. नानांनी छाती काढून सांगितलं, "बठ्ठा शेतस, साब." म्हणजे सगळे आहेत. आता बठ्ठा म्हणजे सगळे, हे साक्रीत शेंबड्या पोराला कळतं, पण सुभेदारांना ऐकू आलं 'बैठा'. त्यांनी विचारलं, कौन बैठा है? नाना म्हणाले, "बठ्ठा, साब." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही नानांनी प्रामाणिकपणे तेच उत्तर दिलं. अख्ख्या तुकडीने मैदानाला दहा फेऱ्या मारल्या, आणि त्यानंतर मात्र सगळे खरोखरच बसले.

गोष्ट संपली की नाना म्हणायचे, "तेव्हापासून बसणं बंद." आम्ही हसायचो. तेही हसायचे. मला वाटायचं, गोष्ट एवढीच आहे.

त्या वर्षी होळीनंतर आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. ते जन्मभर तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, आवाजानेच तलाठ्यांना घाम फोडायचे. त्यांचा डावा हात, डावा पाय गेला. इस्पितळातून घरी आले आणि वेताच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला बाजूच्या खोलीत घेऊन सांगितलं, की दोन-तीन महिन्यांत चालले तर चालले. नाहीतर मग खुर्चीच. आबांनी हे दाराआडून ऐकलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. मला फार भीती वाटत होती. ती लपवण्यासाठी मी त्यांच्यावर चिडचिड करायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नाना दारात. पॉलिश केलेले बूट, खाकी हाफ पँट.

"आबा, उठा."

आबांनी कोणाच्या हुकमाने, असं विचारलं.

"हुकूम नाही. मी मोजायला आलोय. उभा माणूस मोजता येतो."

आबांनी त्यांना कचेरीतल्या निवडक शिव्या दिल्या. नानांनी त्या उभ्याने ऐकून घेतल्या, संपल्यावर आबांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. आबांच्या खांद्यावर टकटक केलं, माझ्या केलं, म्हणाले, "दोन." त्या दिवसाचं काम तेवढंच.

आमच्या फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत विजेचे सात खांब होते. नानांनी हिशेब सोपा ठेवला, आठवड्याला एक खांब. आबांच्या उजव्या हातात काठी, मी त्यांच्या डाव्या बाजूला, नाना मागे. खानदेशातला उन्हाळा असा, की साडेसातनंतर डांबर चपलेला धरून ठेवतं, म्हणून सगळं त्याआधी. तिसऱ्या खांबापर्यंत आबा नानांशी बोलत नव्हते. चौथ्यापासून भांडायला लागले. नानांनी अक्कांना सांगितलं, तब्येत सुधारतेय.

सातव्या आठवड्यात गिरणी गाठायची होती. आबांनी आदल्या दिवशी दाढीसुद्धा करून घेतली. पाच खांब झाले. सहाव्याच्या अलीकडे मैलाचा एक जुना दगड रस्त्याकडेला आडवा पडलेला होता. आबा त्याच्यापाशी थांबले, म्हणाले, "बस झालं," आणि मी सावरायच्या आत दगडावर बसले. मला म्हणाले, "खुर्ची घेऊन ये. मला परत ने." त्यांचा आवाज असा कधीच ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. मला कळलं, की आज खुर्ची आणली तर ती कायमची.

मी नानांकडे पाहिलं. ते आता आबांना ओढून उभं करणार, असं मला वाटलं. पण नानांचा चेहरा उतरला होता. ते आबांकडे बघत नुसते उभे होते. मग पुढे आले आणि चक्क रस्त्याकडेच्या मातीत, आबांच्या पायाशी बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी राहिलेली गोष्ट सांगितली. बर्फातली चौकी, दहा माणसं, नाना पुढे. बर्फात कोणी बसायचं नाही, बसला तो उठत नाही, एवढाच नियम. वारा होता. शेवटचा पोरगा राजस्थानचा, बनवारी नावाचा. तो बसला. त्याच्या पुढच्याने ओरडून पुढे कळवलं. नानांनी ऐकलं आणि ठीक आहे, या म्हणून हात वर केला. त्या माणसाला वाटलं, बनवारीला तिथेच सोडून पुढे यायचा हुकूम आहे. तो पुढे आला. चौकीवर पोचल्यावर मोजलं तर नऊ. परत गेले तेव्हा बनवारी तसाच बसलेला होता, पाठीवरचं ओझंही न काढता, कोणाची वाट बघत असल्यासारखा. चौकशीत हवामानाचं कारण नोंदलं गेलं. नानांना कोणी काही बोललं नाही.

"बनवारीना पुढला 'बैठा है' म्हने," नाना म्हणाले. आमच्याशी ते प्रथमच अहिराणी बोलत होते. "माले 'बठ्ठा शे' ऐकू उनं, आबा. घरनं कोनी बोलनं असं वाटनं. माले बरं वाटनं."

गिरणी सुरू झाल्याचा आवाज येत होता.

"बनवारीनाजोडे कोनीच नव्हतं," नाना म्हणाले. "तुम्ही बसा, आबा. जितला येळ लागी तितला. मी आठेच शे." असं म्हणून त्यांनी खालच्या मातीवर तळवा टेकवला, म्हणजे इथेच.

आम्ही तिघं तिथे बराच वेळ होतो. सायकलवरून जाणारा दूधवाला थांबून बघून गेला. ऊन पायांपर्यंत आलं, मग गुडघ्यांपर्यंत. मी रडत होतो आणि ते लपवावंसं वाटत नव्हतं. अखेर आबांनी उजवा हात नानांच्या खांद्यावर टेकला, जोर लावला आणि उठले.

"चला हवालदार," आबा म्हणाले. "दगड तापला."

सहावा खांब झाला. सातवा झाला. गिरणीच्या पायरीपाशी नाना सवयीने मोजायला पुढे झाले, तर आबांनी त्यांचा हात बाजूला सारला. आबांचा जन्म फैजपूरकडचा. अहिराणी ते कधी बोलत नसत, उलट ऐकली की नाक मुरडत. त्यांनी काठी माझ्याकडे दिली. उजव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं, मग माझ्या खांद्यावर, आणि मग नानांच्या खांद्यावर टकटक केलं.

"तीन," आबा म्हणाले. "बठ्ठा शेतस."

नानांनी टाचा जुळवल्या. परत येताना आबांनी त्यांना मागे राहू दिलं नाही.