दत्तू आण्णांचं जातिवंत जनावर

आमच्या शेजारचे दत्तू आण्णा आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी कुत्र्याचे दात दाखवतात. दोन बोटांनी जबडा उघडतात आणि म्हणतात, "बघा पावणं, जातिवंत हाय." जन्मभर म्हशी पाळल्या, बाजारात दात बघूनच जनावर घेतलं. गोठ्याच्या जागी आता घरं उभी राहिली. म्हशी गेल्या, सवय राहिली.

कुत्रं यॉर्कशायर टेरियर जातीचं. वजन तीन किलो. आमच्या कसबा बावड्यात याहून मोठा कोंबडा मिळतो. केस मात्र बाईमाणसासारखे, लांब, रेशमी, डोळ्यांवर येणारे. लेकीनं, सुजातानं, बंगळुरात हौसेनं घेतलं. घरमालकानं नको म्हटल्यावर पंधरा दिवसांसाठी म्हणून बापाकडे आणून सोडलं. त्याला दोन वर्षं झाली. तिनं नाव ठेवलं कोको. आण्णा सर्जा म्हणतात. कुत्रं दोन्ही नावांना ओ देत नाही.

सुरुवातीला आण्णांनी त्याला म्हशीसारखंच वागवलं. रोज सकाळी नळाखाली धरून काथ्यानं घासायचे. महिन्याभरात कातडीला कोंडा सुटला. जनावरांचे डॉक्टर ओरडले, "आण्णा, ही म्हैस न्हाय! आंघोळ पंधरा दिवसांतनं एकदा. केस मात्र रोज विंचरा."

तेव्हापासून आण्णा रोज सकाळी उन्हाला पायरीवर बसतात, कुत्रं मांडीवर. ती जाड बोटं आणि तो बारीक कंगवा. गुंता ओढत नाहीत, एकेक केस सोडवतात. मग डोक्यावर शेंडी बांधतात. बेंदराला, बैलांच्या सणाला, रंगवायला शिंगं नाहीत, म्हणून शेंडीलाच गोंडा बांधला होता. गल्ली हसून लोळली. आण्णा म्हणाले, "हसा. जातिवंत हाय."

मला ते कुत्रं आवडत नाही. अंग घुशीएवढं आणि माज बैलाचा. उसाच्या ट्रॅक्टरवर धावून जातं. माझा अळूचा वाफा त्यानं पार उकरला. मी भांडायला गेले.

"आक्का, उंदीर-घुशी माराय काढलीया ही जात. तुमच्या वाफ्यात घूस हाय, त्याला ते काय करणार?"

"घूस माझी, वाफा माझा. तुमचं कुत्रं बांधा."

"गळ्याला बांधू नये. नरडं नाजूक असतंय. छातीला पट्टा घालावा लागतोय."

असल्या माणसाशी काय भांडायचं?

दर रविवारी सुजाताचा व्हिडिओ कॉल येतो. आण्णा त्या दिवशी दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात आणि फोन कुत्र्यासमोर धरतात. ती म्हणते, "अले माझा सोन्या!" मग म्हणते, "बाबा, फोन जरा खाली करा, तो दिसत नाही." आण्णांचा सदरा फोनमध्ये आलेला मी कधी पाहिला नाही.

गेल्या आठवड्यात तिनं कळवलं, स्वतःचा फ्लॅट घेतलाय, कोकोला न्यायला येते. दुसऱ्या दिवशी आण्णा काखेत कुत्रं आणि हातात वही घेऊन माझ्या दारात.

"आक्का, तुमचं अक्षर बरं हाय. मी सांगतो, लिवा."

मी चौथी शिकलेली. आण्णा त्याच्याही आधी म्हशींमागं गेलेले.

"रोज विंचरावं. डोळं कोमट पाण्यानं पुसावंत. दात घासावंत, लवकर किडत्यात. थंडी सोसत न्हाय, अंगावर कायतरी असू दे."

मी लिहीत होते.

"फार येळ एकटं ऱ्हाऊ नये. सकाळी उपाशी भाईर पडू नये. हापिसातनं उशीर झाला तर रिक्षानं यावं, चालत येऊ नये."

मी पेन थांबवलं. "आण्णा, हे कुत्र्याचं का पोरीचं?"

"तुम्ही लिवा की."

लिहिलं. आण्णा कुत्र्याच्या पाठीवरनं उगाच हात फिरवत होते.

"आनी एक. दर रविवारी हिकडं फोन लावावा. आमास्नी बघितल्याबिगर ते जेवत न्हाय, असं लिवा."

ते कुत्रं कुणाच्याही हातचं खातं. माझ्या वाफ्यातली गांडुळंसुद्धा सोडत नाही. तरी मी तसंच लिहिलं, आणि खाली रेघ ओढली.