सातव्या वर्षीची विजेती

काशिमोरी नगरपालिकेच्या क्रीडा विभागात नोनोमुराबाई एका रिकाम्या चौकोनाकडे टक लावून बसल्या होत्या. गावातल्या महिला व्यावसायिक टेनिस स्पर्धेला वीस वर्षं पुरी होत होती आणि तिच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. स्पर्धा तशी किरकोळ. जगात चारशेव्या क्रमांकाच्या अलीकडची कुणी आलीच तर स्टेशनावर पताका लागत. एकोणीस विजेत्या सापडल्या होत्या. सातव्या वर्षीचे कागद मात्र वादळात तळघरात पाणी शिरून लगदा झाले होते. बाईंची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. पुस्तिका वेळेत निघाली तर करार मार्चनंतर पुढे, नाहीतर घरी.

"तूर्त काहीतरी भरून टाका हो," विभागप्रमुख कुरिहारा म्हणाले. "रिकामा चौकोन वर गेला तर मलाच विचारतील."

बाईंनी तूर्त म्हणून 'काशिमोरी हानाको' असं लिहिलं. हे नाव नगरपालिकेच्या खिडकीवर, काचेखालच्या प्रत्येक नमुना अर्जात भरलेलं असे. जन्मनोंद, लग्न, नळजोडणी, कुत्र्याचा परवाना, हानाकोचं सगळं झालेलं होतं. टेनिस तेवढं राहिलं होतं.

मसुदा अकरा टेबलांवर फिरला. वरचे वाचतीलच, म्हणून खालच्यांनी शिक्का मारला. खालच्यांनी वाचलंच असेल, म्हणून वरच्यांनी मारला. अकरावा लाल शिक्का उमटताच कागद बाईंकडे न येता थेट छापखान्यात गेला आणि बाराशे प्रती होऊनच परतला.

नगराध्यक्ष ओगावारांनी पुस्तिका उघडली ती छापून आल्यावर. पहिला शिक्का, म्हणजे मानाने पहिला, त्यांचाच होता.

"आपल्या गावची पोरगी जिंकली होती? आणि मला कुणी बोललं नाही!"

"आपणच चषक दिला होता, साहेब," उपाध्यक्ष म्हणाले. त्यांना नाव फार ओळखीचं वाटत होतं.

"हो की! आठवली. डावखुरी होती."

"डावखुरी आणि उंच."

मैदानाबाहेर सोबाच्या रस्सेदार शेवया विकणाऱ्या तोमे आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दोन वाडगे खायची. वर रस्सा मागून घ्यायची. गुणी हो पोर!"

करुणाघन बुद्धाने माणसाला विसरण्याचं वरदान दिलं आहे. जे घडलंच नाही ते आठवण्याचं वरदान काशिमोरीकरांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलं. संध्याकाळपर्यंत ठरलं: वर्धापनदिनी हानाकोचा सत्कार, आणि तीन नंबरच्या कोर्टाला तिचं नाव.

नोनोमुराबाई धावत कुरिहारांकडे गेल्या. "साहेब, ती नाहीये."

"गाव सोडून गेली?"

"जन्मलीच नाही."

"काय बोलता! तिची जन्मनोंद मी रोज खिडकीवर बघतो." आणि मग कुरिहारांचा चेहरा हळूहळू उतरला. "बाई, अकरा माणसांनी न वाचता शिक्के मारले, असं मी लिहून देऊ? त्यातला चौथा माझा आहे. कुठून आणायची तिथून विजेती आणा."

बाईंनी तीन दिवस वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली. शेवटी एका पुसट फोटोत चांदीचं काहीतरी छातीशी धरलेली मुलगी दिसली. खाली नाव तेवढं वाचता येत होतं, लिन शूफेन, ताइचुंग. बाईंनी तिला पत्र टाकलं, सत्काराचं मनापासून आमंत्रण दिलं. स्वखर्चाने, अननसाच्या केकचे चार डबे घेऊन, लिनबाई आल्या.

समारंभात ध्वनिक्षेपक नोनोमुराबाईंच्या हाती होता. पुढ्यातल्या कागदावर कुरिहारांनी पुस्तिकेप्रमाणेच ठेवलेलं नाव, हानाको, समोर खुर्चीत लिनबाई. खोटं वाचलं असतं तर करार शाबूत होता. पण दुसरीच्या घामावर तिसरीचं नाव घालायला बाईंची जीभ वळेना.

"सातव्या वर्षीच्या विजेत्या," त्या म्हणाल्या, "तैवानच्या लिन शूफेन. हानाको नावाचं कुणी नव्हतं. चूक माझी आहे." आणि कमरेत वाकून उभ्या राहिल्या.

नगराध्यक्षांनी लिनबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ध्वनिक्षेपक ओढून घेतला.

"बघताक्षणी ओळखलं मी! डावखुरी!"

लिनबाईंनी हलवण्यासाठी उजवा हात वर केला होता. तो त्यांनी खाली घेतला आणि डावा वर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तोमे आजींनी डोळे पुसत त्यांच्यापुढे दोन वाडगे ठेवले. रस्सा वरून.

दुसऱ्या दिवशी कुरिहारांनी बाईंना बोलावलं. "अकरा माणसांनी तुमच्यावर भरवसा ठेवला आणि तुम्ही असा घोळ घातलात! आता बाराशे प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवा. तेवढं होईस्तोवर करार वाढवलाय. मग नमस्कार."

बाई चिकटवू लागल्या. हाताने कापलेल्या चिठ्ठ्या, एकेक करून, रेघेला रेघ जुळवून, बाजूला वाळत घालून. मार्च गेला, चेरीची झाडं फुलून झडलीसुद्धा. शेवटच्या दहा प्रती उरल्या त्या सकाळी ताइचुंगहून पत्र आलं. तोडक्यामोडक्या जपानीत लिहिलं होतं:

"आपल्या गावाने फार प्रेम दिलं. एक लहानसं सांगायचं राहून गेलं. त्या वर्षी अंतिम सामना मी हरले होते. फोटोत माझ्या हाती उपविजेतीची तबकडी आहे. जिंकली ती ओसाकाची आसानुमा. आमंत्रण वाचून वाटलं, तुम्ही हरलेल्यांचाही सत्कार करता, केवढं मोठं मन! तिथे आल्यावर उलगडा झाला. पण नगराध्यक्षांना माझा डावा हात इतका छान आठवत होता, की मध्ये बोलणं मला उद्धटपणाचं वाटलं."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. वाळत घातलेल्या अकराशे नव्वद प्रतींवरून एक नजर फिरवली. मग पदर खोचावा तशा बाह्या वर सारून त्या कुरिहारांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"काय, झालं काम?" कुरिहारांनी विचारलं.

"नाही, साहेब," नोनोमुराबाई म्हणाल्या. "डिंकाचा आणखी एक डबा मागवावा लागेल."