ढब्बू, वाटाणा, टिकली आणि सातवं कलम

घरात बेडूक तीन आणि काचेच्या पेट्या दोन, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मोठ्या पेटीत ढब्बू, मुठीएवढा. छोटीत वाटाणा आणि टिकली, दोघं मिळून अंगठ्याएवढे. बेडूक नातीचे, पण राज्य आजींचं. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच पेटीत ओतायचं, हात ओला केल्याशिवाय बेडकाला शिवायचं नाही, आणि ढब्बूला धाकट्यांकडे फिरकू द्यायचं नाही.

"तोंडात मावेल ते सगळं त्याला जेवण वाटतं," आजी सुनेला सांगत. "तुझ्या सासऱ्यांसारखं."

एका सकाळी पाळीव प्राणी नोंदणी कार्यालयाचे निरीक्षक फॉर्म घेऊन आले.

"आई, आधी मी वाचते," सून म्हणाली.

"का? मला सही येत नाही?"

आजींना लिहिता येत होती ती फक्त सही. म्हणून ती त्या झोकात करत, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. केली.

निरीक्षकांनी शेपूट वाळू दिलं आणि घसा खाकरला. "सातव्या कलमानुसार, एक कुटुंब, एक पेटी. आज बेडूक एकत्र करा. जादा पेटी उद्या जप्त होईल."

"अहो, मोठा धाकट्यांना गिळेल!"

"आकाराचा रकाना फॉर्ममध्ये नाही. कार्यालयाच्या लेखी सगळे बेडूक समान."

"हे ढब्बूला कोण सांगणार?"

"त्याला नोटीस देऊ." त्यांनी खरोखरच काचेला नोटीस डकवली, अक्षरं आतल्या बाजूला. "गिळल्या गेलेल्यांनी पंधरा दिवसांत समक्ष येऊन हरकत नोंदवावी. अहो आजी, माझ्या घरी एकाच पेटीत सतरा मासे गुण्यागोविंदानं नांदतात!"

ते गेल्यावर नात एवढंच म्हणाली, "आजी, तू वाचलंच नाहीस?"

 त्या दिवशी आजी जेवल्या नाहीत. दुपारी सुनेला हाक मारली. "बस इथे. मी सांगते, तू लिही. कलमं घाल. भरपूर."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक दारात येताच आजींनी कागद पुढे केला. "आधी पोच द्या, मग पेटी घ्या."

निरीक्षकांनी दिवसाला दोनशे सह्या करणाऱ्या हातानं सही ठोकली. त्यांच्याही सहीला शेपूट होतं.

"आता वाच गं," आजी म्हणाल्या.

सुनेनं वाचलं. "कलम सात. जप्त पेटीसोबत ढब्बू यास निरीक्षक स्वतःच्या कुटुंबात आजन्म सामावून घेतील."

"आणि एक कुटुंब, एक पेटी," आजींनी आठवण करून दिली. ढब्बूला छोट्या पेटीत घालून सोबत चपटा दगडही दिला. पाण्याबाहेर बसायला जागा नसली तर ढब्बू दमून बुडतो. त्याचा काय दोष?

तिसऱ्या दिवशी निरीक्षकांचा फोन आला. आवाज घोगरा. "आजी, मासे अकराच उरलेत!"

"अगंबाई! मग बाकीच्यांनी हरकत नोंदवली का?"

वाटाणा आणि टिकली आता मोठ्या पेटीत ऐसपैस राहतात. नोटीस अजून तिथेच आहे. टिकली कधीकधी तिच्यासमोर बराच वेळ बसते. घरातलं छापील काही पूर्ण वाचणारी ती एकटीच.

हसताय ना? हसा. परवा मोबाईलवर 'मला मान्य आहे' दाबलंत, त्यातलं सातवं कलम काय होतं?